मृगबाग : एका केळीबागेच्या चित्रांच्या नोंदी

१० जानेवारी

आजपासून काम सुरू. जळगाव जिल्ह्यात फैजपूरजवळ मामांची केळीची बाग आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं, जात ग्रँड नैन. कापणी होऊन रान मोकळं होईपर्यंत आणि त्यानंतरही जमेल तितकं, हीच एक बाग रंगवायची. मधे दुसरा विषय घ्यायचा नाही. माध्यम मात्र आधी ठरवायचं नाही. समोर जे असेल त्याला जे लागेल ते वापरायचं.

हे मुद्दाम लिहून ठेवतेय. मागे मुंबईतल्या एका गॅलरीत कामं दाखवली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘तुमचं माध्यम कोणतं?’ जलरंगही करते, तैलरंगही, पेस्टलही, असं सांगितल्यावर समोरच्यांनी फाइल मिटली. एका हाताची ओळख तयार व्हायला एकच माध्यम धरून राहावं लागतं, घेणाऱ्यालाही ते सोपं जातं, हा त्यांचा हिशोब मला कळतो. पण पटत नाही. जिथं मी राहते तिथं जानेवारीत पहाटे शेकोटी लागते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या दोन हवांत एकच रंग सारखा वागत नाही, आणि बागही सारखी दिसत नाही.

१४ जानेवारी

थंडी कडक. मामा म्हणाले, चरका बसला. केळीला गारठा सोसत नाही. वाढ अडते, पानं पिवळट पडतात, नवं पान लवकर उलगडत नाही. सकाळी ॲक्रिलिक घेऊन गेले होते. त्यातलं पाणी उडून गेलं की रंगाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा धरतात, पण हवा दहा अंशांच्या खाली असली तर ते नीट जुळत नाहीत आणि थर भुरभुरीत राहतो. ऊन वर आल्यावरच डबा उघडला. तोवर बागेतला निळसर धुरकटपणा निघून गेला होता, आणि मला हवा होता तो तोच.

२४ जानेवारी

आज या कामाची खरी गाठ सापडली असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बागेत शिरलं की डोक्यावर छप्पर असतं. झाडं पाच-साडेपाच फुटांवर, पानं एकमेकांत गेलेली. खाली उभं राहून वर बघितलं तर प्रत्येक पान पेटलेलं दिसतं. ऊन पानाच्या आरपार येतं आणि येताना पिवळं-हिरवं होऊन येतं. मधला दांडा काळपट, त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर शिरा, आणि जिथं एका पानावर दुसरं पान पडलंय तिथं हिरवा एकदम गडद, तीन पानं असतील तर जवळजवळ शेवाळी. जलरंगात अगदी हेच होतं. उजेड रंगाच्या पातळ थरातून जाऊन पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत आपल्याकडे येतो. एकावर एक वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, दिला की गडदपणा असाच, थराथराने वाढतो. पानावर पान काढायला वेगळी युक्ती लागली नाही; पहिला थर पूर्ण वाळू दिला आणि सावलीच्या आकाराचा दुसरा वर टाकला, झालं.

मग पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर चढले. वरून तीच बाग बघितली तर ती हिरवी नाहीच. पानाची वरची बाजू गुळगुळीत, तेलकट. तिच्यावर आकाश उतरतं. निळसर राखाडी, कुठं कुठं जवळपास पांढरी. आरपार काही येत नाही, सगळं वरूनच परततं. हे जलरंगात काढून बघितलं आणि कागद मेला. इथं झाकणारा रंग पाहिजे, ज्याच्या पृष्ठभागावरूनच उजेड परत येईल असा. म्हणजे ग्वाश. रंगकण तेच, डिंक तोच, पण रंगकणांचं प्रमाण इतकं जास्त की खालचं काही दिसत नाही.

एकच पान, खालून जलरंगाचं, वरून ग्वाशचं. हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

हिरव्याबद्दल : ट्यूबमधला तयार हिरवा या बागेत चालतच नाही. थॅलो ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की तो माणसात येतो. उन्हातल्या पानाला पिवळा वाढवायचा, चरका बसलेल्या कडांना थोडा ऑकर. थॅलो फार जोरकस, टोकावर आला तेवढाही पुरतो, आणि कागदात एकदा मुरला की निघत नाही. उलट अल्ट्रामरीन दाणेदार बसतो, ओल्या स्पंजने उचलता येतो. सावलीत अल्ट्रामरीन वापरला तर मागाहून उजेड काढायला जागा राहते.

६ फेब्रुवारी

ग्वाशचं काम रोज दुपारी, मोटारीच्या खोलीवरून. ओला असताना दिसतो तो रंग वाळल्यावर राहत नाही. गडद छटा वाळून फिक्या होतात आणि फिक्या जराशा गडद. म्हणून बाजूला त्याच कागदाची पट्टी ठेवते, रंग आधी तिच्यावर लावून वाळू देते, मगच चित्रावर. जलरंग वाळून फिका पडतो, ॲक्रिलिक वाळून गडद होतो. तिन्ही माध्यमं एका आठवड्यात हाताळताना डोक्यात हा हिशोब सतत बदलावा लागतो. पहिले काही तास हात जुन्याच हिशोबाने चालतो, त्यामुळे माध्यम बदललं की पहिला कागद फक्त सरावाचा ठेवायचा, असा नेम केलाय.

संध्याकाळी मामांशी फैजपूरच्या अधिवेशनावरून बोलणं निघालं. १९३६ च्या डिसेंबरात इथं काँग्रेस भरली, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष नेहरू. गांधीजींनी सजावटीला शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं होतं आणि अट होती ती इथंच मिळणाऱ्या वस्तूंची. बांबू, गवत, असलंच सामान. पुढं १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी पोस्टरं केली ती हातकागदावर, टेंपेरात : सपाट, झाकणारे रंग आणि वर धावती, जाड रेषा. रस्त्याने जाणाऱ्याला लांबून, उभ्या उभ्या दिसायची होती ती चित्रं. तिथं मऊ छटांचं काय काम? माध्यम कसं निवडायचं याचं याहून सरळ उदाहरण मला ठाऊक नाही. आणि तो माणूस आमच्या गावात काम करून गेला, याचा मला अभिमान वाटतो.

११ मार्च

निसवण सुरू झाली. कमळं, म्हणजे केळफुलं, बाहेर पडताहेत. एकेक पाकळी उचलली जाते, खाली बारीक फण्या दिसतात. पाकळीचा बाहेरचा रंग जांभळट-तांबडा, वर पांढुरकी बुकटी. आतून मात्र लालबुंद.

हा लाल जुन्या सवयीने अलिझरीन क्रिमसनने केला असता. तो फार देखणा, पण उजेडात उडतो. गेल्या वर्षी खिडकीच्या काचेला रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या, अर्धी बाजू काळ्या कागदाने झाकून. खानदेशातला उन्हाळा जाऊन आल्यावर कागद काढला, तर अलिझरीनची उघडी बाजू स्पष्ट फिकी. शेजारचा दुसरा लाल, क्विनॅक्रिडोन, जागचा हलला नव्हता. म्हणून कमळांना क्विनॅक्रिडोन, त्यात किंचित अल्ट्रामरीन. बुकटीसाठी कोरडा ब्रश, ग्वाशचा पांढरा, हलक्या हाताने.

स्वतः विकणाऱ्या चित्रकाराने ही पट्ट्यांची तपासणी करावीच. चित्र घेणारा माणूस विश्वासाने घेतो, आणि मधे गॅलरीही नसते. दहा वर्षांनी रंग उडाला तर तो आपल्याकडेच बघणार.

१९ मार्च

चीक. पान कापलं की दांड्यातून पाण्यासारखा चीक येतो. कपड्याला लागला तर डाग जन्मात जात नाही, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. कापणीचे कपडे वेगळेच ठेवतात. आज तो वाटीत धरला आणि बांबूच्या बोरूने कागदावर रेघ ओढली. ओढताना काहीच दिसत नाही, फक्त ओल चमकते. थोड्या वेळाने हवा लागून रेघ फिक्या चहाच्या रंगाची झाली, संध्याकाळपर्यंत तपकिरी. दुसरी रेघ वर दिली तर अजून गडद. आपण काय काढलं ते उशिरा कळतं, त्यामुळे हात थांबत नाही, खोडाखोड सुचत नाही. रेषा मोकळ्या आल्या. याच्याही पट्ट्या खिडकीला लावल्या आहेत. उजेडात टिकतो की नाही ते कळेपर्यंत ही रेखाटनं विकायची नाहीत.

मामा पलीकडून : “काय व माय, आता चिकानं लिव्हू राह्यली?”

२९ एप्रिल

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. दुपारी बाहेर पडणं मुश्कील. बागेच्या पश्चिमेला गजराज गवताची आड केलीय, तरी झळ आत येतेच. पानं शिरांवरून फाटून झालर झालीत, कडा करपल्यात.

जलरंग आता सकाळी आठनंतर चालत नाही. वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेस्तोवर वरचा वाळलेला असतो आणि जिथं थांबला तिथं कडक रेघ पडते. पुस्तकांत लिहिलेले वेट ऑन वेटचे, ओल्यावर ओला रंग सोडायचे, सगळे प्रकार थंड, दमट देशांत तयार झाले. तिथं रंग वाळायची वाट बघावी लागते, इथं तो वाळतोय म्हणून धावावं लागतं. कागदाच्या मागून पाणी मारून तो काचेवर चिकटवला तर थोडी सवड मिळते. ॲक्रिलिकचं त्याहून वाईट. पॅलेटवर काढलेल्या रंगावर बघता बघता साय धरते, ब्रश बाजूला ठेवला की केस दगड.

घरात मात्र कूलरने मजा केली. गवताच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते, त्या खोलीत ॲक्रिलिक बराच वेळ ओला राहतो, दोन छटा एकमेकींत विरघळवता येतात. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) घालायची गरज पडली नाही. मोठ्या कॅनव्हासचे सगळे खालचे थर याच खोलीत, कूलरसमोर करून घेतेय. त्यावर पुढं तैलरंग चढवता येईल. ॲक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर ॲक्रिलिक चालत नाही. धरतच नाही, सुटून येतो.

८ मे

बाहेरच्या कामाला पेस्टल. ज्या माध्यमाला वाळायचंच नाही त्याला ऊन काय करणार? सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगकण, कांडी धरून ठेवण्यापुरता डिंक. खरखरीत कागदावर ओढली की कण खाचांत अडकून बसतात. वर तेल नाही, डिंकाची चकाकी नाही, म्हणून उजेड कणांवरून विखरून येतो आणि रंग कोरडा, भाजलेला दिसतो. मे महिन्यातल्या दुपारचा रंग तोच आहे. उत्तरेला सातपुडा दिसतो न दिसतो. धुळीच्या आणि झळईच्या मागं एक जरासा गडद पट्टा. तेलात तो केला असता तर डोंगर झाला असता. पेस्टलमध्ये फिक्या राखाडीवर तळहाताने दुसरा राखाडी नुसता घासला आणि तो जिथं होता तिथं, तेवढाच उभा राहिला.

फिक्सेटिव्ह मारायचं नाही असं ठरवलं. त्याने कण चिकटतात, पण रंग दबतो आणि सगळं एक पट्टी काळवंडतं. ही धुळकट चमक जाणार. त्यापेक्षा नीट काचेखाली, चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवून. कुरिअरला काच नको म्हणून लोक ॲक्रिलिकची शीट सुचवतात, पण त्या शीटवर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरचे कण ओढून घेते. पेस्टलला काचच.

५ जून

काल संध्याकाळी वादळ झालं. अर्ध्याहून जास्त बाग आडवी. घड तयार झालेले, काहींची कापणी या आठवड्यात होती.

आज सकाळी मी रंग न घेता गेले. काढावं की नाही हेच कळत नव्हतं. वर्षभराचा पैसा जमिनीवर पडलेला असताना माणूस शेजारी वही घेऊन बसतो, हे बरं दिसत नाही. बांधावर नुसती बसले. मामाच म्हणाले, “सगळे खांब एकाच दिशीले पडेल हेत, पाहाय. ते धड काढ.”

चारकोलच्या कांड्या पिशवीत होत्या. मोठा कागद फळीला लावून उभ्याने काढलं. सगळे खांब ईशान्येकडे, बुंध्यापासून मोडलेले किंवा कंदासकट उपटलेले, टेकूचे बांबूही त्याच दिशेने. मोडलेल्या खांबाच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी कप्प्यांची जाळी दिसते, पाण्याने भरलेली. कोळशाने काळं भरायचं आणि रबराने ही जाळी उघडी करायची, असं काम झालं. रंग सुचलाही नाही. तलाठी पंचनाम्याला येऊन गेले, मजूर घड वेगळे करत होते, त्यांना चहा देऊन पुन्हा काढत बसले.

ही चित्रं पुढं रंगात करू का, असं रात्री एकदा मनात आलं. नाही करणार. त्या दिवशी काळं-पांढरंच होतं.

२२ जून

अजिंठा. सोमवार टाळून गेलो, सोमवारी लेणी बंद असतात. खूप वर्षांनी आले आणि या वेळी फक्त माध्यम बघायला आले होते.

तिथली चित्रं ओल्या चुन्यावर केलेली नाहीत, कोरड्या भिंतीवरची आहेत. खडबडीत दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भुसा, वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात. त्यावर चुन्याचा पातळ लेप. आणि मग सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा. बहुतेक सगळं आसपासच्या जमिनीतलं. निळा तेवढा लाजवर्दाचा, लांबून आलेला, आणि तो पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसतो; नऊ आणि दहा क्रमांकांच्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या चित्रांच्या काळी तो नव्हता. हाताशी आहे त्यावर आधी काम उभं राहिलं, मग जे मिळत गेलं ते त्यात आलं.

परत येताना डोक्यात घोळत होता रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला या भिंतींच्या नकला करायला नेमलं. त्याने त्या केल्या कॅनव्हासवर, तैलरंगात. मातीच्या गिलाव्यावरचं, सरसातलं, अजिबात न चकाकणारं चित्र आणि त्याची नक्कल तेलात! वर्षानुवर्षं खपून केलेली ही कामं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती; १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा बसले, तेही तेलातच. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळला पुरला गेला. भुसावळ म्हटलं की यार्ड आणि जंक्शन एवढंच सांगितलं जातं; चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ही कबर एकदा तरी दाखवायला हवी.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. काही भिंतींवर पिवळट-तपकिरी झाक आहे ती मूळची नाही. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचं वार्निश दिलं, ते काळाबरोबर पिवळं पडलं. त्यांनी गिलाव्याचे सुटणारे पापुद्रे बसवून मोठं काम केलं, ते नसतं तर पुष्कळ गेलं असतं. पण कोरड्या, मातकट चित्रावर चकाकणारा थर देणं म्हणजे त्या माध्यमाच्या स्वभावाविरुद्ध जाणं. माझ्या ग्वाशवर आणि पेस्टलवर कुणीही काहीही मारू नये, हे प्रत्येक चित्राच्या पाठीवर लिहून ठेवणार.

१४ जुलै

पाऊस लागला. आता तैलरंग.

बागेत जे उरलं होतं त्याची कापणी झाली, खांब तोडून रचलेत, ते कुजताहेत. ओला तपकिरी, काळसर जांभळा, त्यात पिवळट तंतू. याला वजन पाहिजे, चिकटपणा पाहिजे. मे महिन्यात कूलरसमोर तयार केलेले कॅनव्हास यासाठीच होते.

पावसात जलरंगाचे हाल. वॉश वाळतच नाही, आणि ओल लागलेल्या कागदाचं साइझिंग, म्हणजे रंग शोषू न देणारी खळ, बुरशीने खाल्लं की रंग तिथं टिपकागदासारखा शोषला जातो, आधी काही कळत नाही, रंग पडल्यावरच ठिपके दिसतात. उरलेला कागद चुन्याच्या खड्यांच्या डबीसकट पत्र्याच्या पेटीत बंद केला.

तेलाला मात्र पावसाचं तितकं भय नाही, कारण तो पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यात वजन उलट वाढतं. वरून हाताला कोरडा लागला तरी आत महिनोनमहिने ही क्रिया चालू असते. आणि प्रत्येक रंगाचा वेग निराळा. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेलाला लवकर सुकवतं. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन रेंगाळतात. म्हणून खालच्या थरांत अंबर, टर्पेंटाइनने पातळ केलेला; वरवर जाताना तेल वाढवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

मामांनी बाटली हुंगून बघितली. “हे तं चटणीचं जवस!” तेच, पण घाण्याच्या तेलातले चिकट अंश काढून टाकलेलं. शेतातलं पीक आपल्या चित्रात आहे याचं त्यांना फार बरं वाटलं. कॅनव्हासही कापसाचा, हे सांगितल्यावर त्यांनी तो बोटांनी चाचपून बघितला, सूत कितीचं आहे विचारलं.

दमट हवेत कॅनव्हास सैल पडतोय. मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरा हलक्या हाताने ठोकून ताण परत आणला. ओला रंग असताना हे करायचं नाही.

३ ऑगस्ट

कानबाईचा सण. काम बंद. रोट, आरास, रात्रभर गाणी.

२६ ऑगस्ट

मातीचे रंग करून बघतेय, अजिंठ्याहून आल्यापासून हे डोक्यात होतं. सातपुड्याच्या पायथ्याचा तांबडा मुरूम, विहिरीच्या खोदकामातली पिवळी माती आणि बागेतली आपली काळी. कुटायचं, पाण्यात ढवळायचं, जड खडे तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात, तिथं गाळ बसू द्यायचा, पुन्हा तेच. शेवटी राहतो तो लोण्यासारखा मऊ चिखल. तो वाळवून काचेवर डिंकाच्या पाण्यात घोटायचा.

तांबडा आणि पिवळा सुंदर उतरले. तांबडा जरा दाणेदार आहे, पण भिंतीसारखा पोत येतो. काळी माती मात्र रंग म्हणून राहायला तयार नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात, त्याच कागदावर बारीक होऊन पडल्या. डिंक वाढवला तर भेगांचे तुकडे वर वळले. कापूस आणि केळी पोसणाऱ्या या जमिनीचा हाच गुण आहे, पाणी धरून ठेवण्याचा. म्हणून हा भेगाळलेला नमुना टाकला नाही. रिकाम्या रानाचं एक चित्र पूर्ण काळ्या मातीतच, जाड फळीवर, भेगा पडू देऊन करायचं आहे. फळी ताठ असेल तर थर वाकणार नाही, आणि खाली सरसाचा हात दिला तर तुकडे धरून राहतील.

१७ ऑक्टोबर

मातीचं चित्र झालं. वरून पडलेला उजेड भेगांच्या कडांवर बसतो. चित्रात काळ्याशिवाय काही नाही, पण दिवसभर ते बदलत राहतं. आडव्या ठेवलेल्या फळीवरच ते वाळवावं लागलं. नेण्याआणण्याला अवघड आहे, तेव्हा त्याला खोल चौकट करून घेतली.

चिकाच्या पट्ट्या तपासल्या. उघडी बाजू फिकी झालीय, थोडी नाही, चांगलीच. ती रेखाटनं विकायची नाहीत, हे कायम. त्यांचे चांगले फोटो काढून ठेवले.

२८ नोव्हेंबर

गावातल्या शाळेच्या सभागृहात चित्रं लावली. माध्यमानुसार गट केले नाहीत. चरक्याची पानं, त्यांच्याशेजारी ग्वाशमधलं वरून दिसणारं रान, मग कमळं, मग पेस्टलचा उन्हाळा, चारकोल, तेल, माती. भिंत बागेच्या वर्षाप्रमाणे चालते. प्रत्येकाखाली माध्यम, महिना आणि दिवसाची वेळ.

आलेल्या शेतकऱ्यांतल्या एकालाही ‘वेगवेगळ्या हातांची कामं आहेत का’ असं वाटलं नाही. ते महिन्यांवर बोलत होते. चारकोलपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत होते. ज्यांच्या बागा त्या वादळात पडल्या त्यांनी दिशा बरोबर ओळखली. एकांनी चरक्याच्या चित्रातल्या पानावर बोट ठेवून सांगितलं की हे नुसतं थंडीचं नाही, इथं करपा रोगही आहे. जानेवारीत मला ते ठिपके फक्त रंग म्हणून दिसले होते.

मुंबईच्या त्याच गॅलरीतून फोन आला, फोटो बघून. जलरंग तेवढे पाठवता का, विचारत होते. संपूर्ण भिंत लागणार असेल तर पाठवते, असं सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. कळवतील तेव्हा कळवतील. तोवर करायच्या गोष्टी अशा : तैलचित्रांना वार्निश पुढच्या पावसाळ्याच्या आधी नाही, हे घेणाऱ्यांना लेखी द्यायचं. पेस्टलच्या दोन काचा बदलायच्या. कंदासकट राहिलेल्या ओळींत मामांनी खोडवा, म्हणजे त्याच कंदांच्या फुटव्यांवरचं पुढचं पीक, धरलाय, त्याच्या ग्वाशसाठी पांढऱ्या ट्यूबा मागवायच्या, मोठ्या.